कायटोसान फिल्ममधलं सिप्रोफ्लॉक्सासिन २ तासांतच बाहेर येतं. ४८ तास कसं पुरवायचं?

शर्वरी_एमफार्म

नमस्कार मंडळी. एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी जखमेवर लावायची जैवविघटनशील फिल्म करायची आहे: कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारा पॉलिमर) आणि त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक. औषध किमान ४८ तास पुरलं पाहिजे. सध्याचं सूत्र असं:

कायटोसान (मध्यम रेणुभार, डीअ‍ॅसिटायलेशन ८५ टक्के) १ टक्का अ‍ॅसिटिक आम्लात २ टक्के. रात्रभर ढवळून मलमलच्या कापडातून गाळलेलं. ग्लिसरॉल कायटोसानच्या वजनाच्या २५ टक्के. ९ सेंमीच्या काचेच्या पेट्रीत २५ मिली, त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हायड्रोक्लोराइड ६४ मिग्रॅ, म्हणजे चौरस सेंमीला साधारण १ मिग्रॅ. ओव्हनमध्ये ४० अंशांवर सुकवते. सुकल्यावर जाडी ०.०९ मिमीच्या आसपास.

रिलीज टेस्ट: २ × २ सेंमीचा तुकडा, ५० मिली पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर), पीएच ७.४, ३७ अंश. २ तासांत ८० टक्क्यांच्या वर औषध बाहेर येतं. तुकड्याच्या कडा फुगून फाटतात.

दुसरी अडचण, नागपूरच्या सध्याच्या उन्हात फिल्म काचेवरच आक्रसते, कडेने उचलली जाते आणि तडकते. गाइडचं मत ग्लुटाराल्डिहाइड घालून क्रॉसलिंकिंग (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधणं) घट्ट करावं. त्याने खरंच ४८ तास मिळतील का? आमच्याकडे पीएलजीए ५०:५० (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा सम प्रमाणातला, विघटित होणारा पॉलिमर) सुद्धा आहे. तो वापरावा का?

जेल_आणि_गणित

शर्वरीताई, आधी एक हिशेब करा, म्हणजे ग्लुटाराल्डिहाइडचा प्रश्न लगेच सुटेल.

फिल्म पाण्यात फुगली की जाडी अंदाजे ०.२ मिमी धरू. औषध दोन्ही बाजूंनी बाहेर पडतं, म्हणजे आतल्या रेणूला जास्तीत जास्त ०.१ मिमी, अर्थात ०.०१ सेंमी जायचं आहे. सिप्रोचा रेणुभार ३३१. एवढ्या लहान रेणूचा फुगलेल्या जेलमधला विसरण गुणांक (रेणू किती वेगाने पसरतो त्याचं माप) दर सेकंदाला १०⁻⁶ चौ. सेंमीच्या घरात असतो. अंतराचा वर्ग भागिले गुणांक केलं की येतात १०० सेकंद. दोन तास नव्हे, दोन मिनिटंसुद्धा नाही!

आता उलटं करा. ४८ तास म्हणजे १,७२,८०० सेकंद. तेवढं हवं असेल तर गुणांक ६ × १०⁻¹⁰ पर्यंत खाली आणावा लागेल, म्हणजे हजार पटींहून जास्त घट. क्रॉसलिंकिंगने जाळी घट्ट होते, फुगणं कमी होतं, दहाएक पट फरक पडू शकतो. हजार पट नाही पडत. पातळ, ओलं जेल लहान रेणूला केवळ जाळीच्या जोरावर दोन दिवस धरून ठेवू शकत नाही, मग ते कायटोसान असो, अल्जिनेट असो की जिलेटिन. औषध घन रूपात असलं पाहिजे, कशाला तरी बांधलेलं असलं पाहिजे, नाहीतर पाणी सहज आत न घेणाऱ्या पॉलिमरच्या आत असलं पाहिजे. तिसरा रस्ता पीएलजीएचा, त्यावर इथलं दुसरं कोणी माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

ग्लुटाराल्डिहाइडबद्दल आणखी दोन गोष्टी. उरलेलं ॲल्डिहाइड पेशींना मारक असतं आणि धुऊन पूर्ण जात नाही. शिवाय सिप्रोच्या पायपरेझिन कड्यात दुय्यम अमाइन आहे, ते ॲल्डिहाइडला लागू शकतं. मग रिलीज कमी झालेला दिसेल, पण तो औषध बिघडल्यामुळे की जाळीमुळे हे कळणार नाही.

मग तुमचं औषध १०० सेकंदांत न जाता २ तास का टिकलं? कारण सिप्रो उभयधर्मी आहे, म्हणजे आम्ल आणि अल्कली दोन्हींसारखं वागतं. त्याचे दोन पीकेए (ज्या पीएचच्या आसपास रेणूचा भार बदलतो ते आकडे) सुमारे ६.१ आणि ८.७, आणि त्यांच्या मधोमध, पीएच ७ ते ७.५ ला, त्याची विद्राव्यता सगळ्यात कमी असते: साधारण ०.१ ते ०.२ मिग्रॅ प्रति मिली. पीबीएस फिल्ममध्ये शिरलं की आम्ल मरतं आणि थोडं सिप्रो आतच स्फटिक होऊन बसतं. म्हणजे घन साठा तुमच्या फिल्ममध्ये आपोआप तयार होतो आहे, फक्त अर्धवट आणि उशिरा. तो मुद्दाम, आधीच तयार करा.

कसा: सुकलेली फिल्म १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवू नका. कोऱ्या फिल्मसाठी ती पद्धत उत्तम, पण तीव्र अल्कलीत सिप्रो ऋणभारित होऊन पुन्हा विरघळतं आणि धुण्याच्या पाण्यात जातं. त्याऐवजी अमोनियाची वाफ द्या. फ्यूम हूडमध्ये डेसिकेटरच्या तळाशी २५ टक्के अमोनिया द्रावण २० मिली, वर जाळीवर फिल्म, ४ ते ६ तास. मग झाकण काढून हूडमध्येच रात्रभर, वास पूर्ण जाईपर्यंत. नंतर पीएच ७.४ च्या थोड्याशा बफरमध्ये ५ मिनिटं खळबळून अमोनियम अ‍ॅसिटेट काढा. या बफरमध्ये ५ टक्के ग्लिसरॉल घाला, नाहीतर फिल्ममधलं ग्लिसरॉल त्यात निघून जाईल आणि फिल्म पापडासारखी मोडेल. खळबळलेलं बफर फेकू नका. त्यात किती औषध गेलं ते मोजून एकूण औषधातून वजा करा. स्फटिक झाले की नाही ते ध्रुवणकारी सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या ठिपक्यांवरून लगेच दिसतं, एक्सआरडीची (क्ष-किरणांनी स्फटिक तपासण्याची) रांग लागेपर्यंत थांबायला नको.

आता टेस्टबद्दल. तुमच्या तुकड्यात ४ मिग्रॅ औषध आणि ५० मिली बफर, म्हणजे शेवटी ०.०८ मिग्रॅ प्रति मिली. विद्राव्यतेच्या एक तृतीयांशाच्या खाली राहिलात तर सिंक कंडिशन, म्हणजे बफर भरत आल्यामुळे औषधाचा वेग मंदावत नाही. इथे ती पाळली गेलेली नाही, म्हणून खरा वेग तुम्हाला दिसला त्याहून जास्तच असेल. दुसरीकडे, जखमेवर ५० मिली पाणी नसतंच. समजा दिवसाला चौ. सेंमीमागे ०.२ मिली स्राव आला. तो संपृक्त झाला तरी दिवसाला जास्तीत जास्त ०.०४ मिग्रॅ औषध नेईल. काही औषध ऊतीत शिरेल, रक्त ते वाहून नेईल, म्हणून हा आकडा वाढवून धरा. तरीसुद्धा १ मिग्रॅ फारच झालं. ०.२ मिग्रॅ प्रति चौ. सेंमीवर या, म्हणजे एका पेट्रीला १३ मिग्रॅ. संवेदनशील स्टॅफिलोकॉकस ऑरियसला १ मायक्रोग्रॅम प्रति मिली किंवा त्याहून कमी पुरतं, आणि संपृक्त द्रावण त्याच्या शंभरपट आहे. डोस कमी केला की सिंकचा प्रश्नही सुटतो.

टेस्ट बीकरऐवजी फ्रान्झ सेलवर (वर फिल्म, खाली बफर असं उपकरण) करा. १५ मिमी तोंडाच्या सेलचं क्षेत्र १.७७ चौ. सेंमी, खाली १२ मिली बफर. औषध एकाच बाजूने जातं, जखमेवर जातं तसं. नमुना आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि मगच ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात पातळ करून २७७ नॅनोमीटरला वाचा. क्रम उलटा झाला तर निसटलेले स्फटिक आम्लात विरघळतात आणि रिलीज फुगलेला दिसतो. सेलला फॉइल गुंडाळा, सिप्रो प्रकाशात बिघडतं. कोऱ्या फिल्मचं रीडिंग प्रत्येक वेळी वजा करा.

आणि कोर्समेयर–पेपास (वेळेनुसार रिलीजचं समीकरण) लावताना फक्त पहिल्या ६० टक्क्यांपर्यंतचे बिंदू घ्या. सपाट फिल्मसाठी फिकियन विसरणाचा घातांक ०.५ असतो. ०.४५ दंडगोलासाठी, ०.४३ गोलासाठी. प्रबंधांत फिल्मलाही ०.४५ लावलेलं दिसतं, परीक्षक तिथेच धरतात.

सूक्ष्मगोल

वरचा हिशेब बरोबर आहे. ४८ तासांसाठी मीही आधी स्फटिकाचाच मार्ग धरेन. पीएलजीएचे सूक्ष्म गोल (ज्यांत औषध भरतात ते बारीक कण) हे त्याहून लांबच्या पल्ल्याचं साधन आहे. ५०:५० पूर्ण विघटित व्हायला रेणुभार आणि टोकाच्या गटानुसार महिना-दोन महिने लागतात, आणि रिलीज सहसा तीन टप्प्यांत होतो: आधी पृष्ठभागावरचं औषध भसकन, मग बराच काळ जवळपास काहीच नाही, मग पॉलिमर झिजल्यावर उरलेलं. दोन दिवसांनी ड्रेसिंग काढून टाकणार असाल तर बरंचसं औषध गोलांमध्येच कचऱ्यात जाईल. तरी करायचंच असेल तर आम्लटोकाचं, कमी रेणुभाराचं घ्या, ते लवकर पाणी पितं.

प्रमाण: पीएलजीए ५०० मिग्रॅ डायक्लोरोमिथेन ५ मिलीमध्ये. बारीक दळलेलं सिप्रो बेस ५० मिग्रॅ (कण ५ मायक्रॉनच्या आत) त्यात होमोजनायझरने १०,००० फेऱ्यांवर १ मिनिट. मग १ टक्का पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, ८७–८९ टक्के हायड्रोलाइझ्ड) १०० मिली द्रावणात ओतून ८०० फेऱ्यांवर ३ ते ४ तास, डायक्लोरोमिथेन उडेपर्यंत. बाहेरचं द्रावण साध्या पाण्यात न करता पीएच ७.४ च्या फॉस्फेटमध्ये करा. तिथे सिप्रो सगळ्यात कमी विरघळतं, म्हणून गोलांमधून बाहेर पळत नाही. साध्या पाण्यात हायड्रोक्लोराइड घेऊन केलं की एन्कॅप्सुलेशन कोसळतं, त्याचं कारण एवढंच. शेवटी तीनदा धुऊन फ्रीझ-ड्राय.

नागपूरच्या उन्हाळ्यात दोन धोके आहेत. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं. एसी नसलेल्या लॅबमध्ये दुपारी तेवढं तापमान असतंच. थेंबातून द्रावक एकदम उडतो, गोल सच्छिद्र होतात आणि पहिला भसका वाढतो. बीकर १५–२० अंशांच्या पाण्यात ठेवा, काम सकाळी उरका, आणि बाटली उघडण्याआधी थंड करा. दुसरा धोका साठवणुकीचा. कोरड्या पीएलजीएचं काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर तो मऊ पडतो) ४५ ते ५० अंश, ओलाव्याने आणखी खाली येतं. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत डबा यापुढे सहज जातो आणि गोल एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं. बर्फाच्या पिशव्यांसह मागवा, उणे २० ला ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव पडतं.

गोल कायटोसानमध्ये मिसळले तर अमोनिया आणि सोडियम हायड्रॉक्साइड दोन्ही वर्ज्य, पीएलजीएचे एस्टर बंध तुटतात. अशा वेळी कोरी फिल्म आधी उदासीन करून धुऊन घ्यायची आणि तिच्यावर गोल असलेला पातळ दुसरा थर ओतायचा. हा थर ३५ अंशांच्या वर सुकवू नये.

त्रिमूर्तीनगर_कास्टिंग

मी फक्त सुकवण्याबद्दल बोलतो, कारण आपल्या इथे अर्ध्या फिल्म तिथेच मरतात.

मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. ओव्हन ४० ला लावला तरी आतली हवा हाडासारखी कोरडी. वरचा पापुद्रा आधी बनतो, खालचं पाणी अडकतं, मग तो आक्रसताना कडेने ओढतो आणि तडा जातो. वरून पाणी उडताना विरघळलेलं औषधही वर ओढलं जातं, म्हणजे सुरुवातीच्या भसक्यातला काही वाटा इथलाच. जुलैत उलट: आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे, ग्लिसरॉल हवेतलं पाणी पितं, फिल्म चिकट राहते. एकच सूत्र मे आणि जुलैत वेगळी ताकद दाखवतं, आणि लोक दोष कायटोसानच्या बॅचला देतात.

उपाय स्वस्त आहे. बंद डब्यात किंवा डेसिकेटरमध्ये संपृक्त मीठद्रावणाचं ताट ठेवा. पोटॅशियम कार्बोनेट ४३ टक्के आर्द्रता धरतं, मॅग्नेशियम नायट्रेट ५३ च्या जवळ, साधं मीठ ७५. ताटात न विरघळलेले खडे सतत दिसले पाहिजेत, नाहीतर आकडा सुटतो. आधी ७५ वर एक दिवस, मग ५३ वर कोरडी होईपर्यंत. जाडी, ताण, रिलीज, काहीही मोजण्याआधी फिल्म ४३ टक्क्यांवर ४८ तास ठेवा आणि प्रबंधात ते लिहा.

कूलरच्या झोतात पेट्री कधीच ठेवू नका. एका बाजूने ओली हवा येते, एक कड जाड आणि दुसरी पातळ होते. टेबल लेव्हल करा, गवंड्याची स्पिरिट लेव्हल पुरते. काचेची पेट्री सोडून पॉलिस्टायरीन किंवा टेफ्लॉन घ्या, कायटोसान काचेला घट्ट धरतो आणि सोलताना फाटतो. (वर सांगितलेल्या डायक्लोरोमिथेनला मात्र काचच, पॉलिस्टायरीन त्यात विरघळेल.) ओतण्यापूर्वी द्रावण अर्धा तास सॉनिकेट करा किंवा रात्रभर झाकून ठेवा. २ टक्के द्रावणातले बुडबुडे आपणहून लवकर वर येत नाहीत, आणि सुकल्यावर प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक भोक.

ड्रेसिंगरूम

शस्त्रक्रिया विभागाच्या बाजूने. फिल्ममध्ये औषध किती तास राहतं याच्या आधी फिल्म किती स्राव सांभाळते ते बघा. १९६२ मध्ये जॉर्ज विंटरने डुकरांच्या जखमांवर दाखवलं की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर सरकते. पण ओलसर म्हणजे तुंबलेली नव्हे. निरोगी त्वचेतून दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे २०० ग्रॅम बाष्प जातं, उघड्या ग्रॅन्युलेटिंग (नवी ऊती भरत असलेल्या) जखमेतून ५,००० च्या पुढेही जाऊ शकतं. ड्रेसिंगसाठी २,००० ते २,५०० हा पल्ला साधारण योग्य मानतात. हे मोजायला महागडं यंत्र नको: छोट्या बाटलीत पाणी, तोंडावर फिल्म घट्ट बांधलेली, ३७ अंश, ठरलेली आर्द्रता, २४ तासांनी वजन. ०.०९ मिमीची फिल्म जास्त स्राव असलेल्या जखमेवर खाली तळं करेल आणि भोवतालची त्वचा पांढरी पडून कुजेल. तिथे फ्रीझ-ड्राय केलेला स्पंज बरा.

औषधाच्या निवडीवर माझा खरा आक्षेप आहे. मधुमेही पायाच्या जखमा भरून याव्यात म्हणून वरून जंतुनाशक किंवा प्रतिजैविक ड्रेसिंग वापरू नये, असं आयडब्ल्यूजीडीएफ या मधुमेही पायावरच्या आंतरराष्ट्रीय गटाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या जखमेला पायावरचा भार काढणं, मृत ऊती साफ करणं आणि रक्तपुरवठा तपासणं जास्त लागतं. सिप्रो तर आपण तोंडावाटे आणि शिरेतून देतो ते औषध. रिलीजच्या शेपटाला जेव्हा ते एमआयसीच्या (जंतूंची वाढ रोखणाऱ्या किमान प्रमाणाच्या) खाली दिवसेंदिवस झिरपत राहतं, तेव्हा प्रतिरोधक जंतू निवडले जातात. म्हणून ‘जितकं लांब तितकं चांगलं’ हे इथे लागू नाही. ४८ तासांनी औषध संपावं आणि ड्रेसिंग बदलावं, असा आलेख काढा. मॉडेल ड्रग म्हणून सिप्रो ठेवा, पण प्रस्तावनेत ‘मधुमेही जखमेवर उपचार’ लिहू नका.

आणि कोरी कायटोसान फिल्म तुलनेला ठेवाच. जंतूंच्या प्लेटवर उदासीन न केलेली कोरी फिल्मसुद्धा स्वच्छ वलय दाखवते, ते उरलेल्या अ‍ॅसिटिक आम्लाचं असतं. त्याला कायटोसानचा गुण समजू नये.

शर्वरी_एमफार्म

खूप मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. डोस ०.२ वर आणते आणि अमोनियाची वाफ करून बघते. आणखी दोन प्रश्न. सहपरीक्षकांनी सुचवलं की नागपुरी संत्र्याच्या सालीतलं पेक्टिन काढून कायटोसानबरोबर वापरावं, स्थानिक कच्चा माल म्हणून. आणि पेशींवरच्या चाचणीआधी फिल्म निर्जंतुक कशी करायची? ७० टक्के अल्कोहोल चालेल?

जेल_आणि_गणित

पेक्टिन काढणं सोपं आहे: वाळलेली साल, पीएच १.५ ते २, ८० ते ९० अंश, तासभर, गाळून दुप्पट इथेनॉलमध्ये साका. पण सालीतून निघतं ते उच्च मेथॉक्सिल पेक्टिन. ते साखर आणि आम्लात जमतं, कॅल्शियमने नाही. कॅल्शियमने जमवायला एस्टर काढावे लागतात, ते थंडीतच, ४ अंशांना, पीएच ११ च्या आसपास. गरम अल्कलीत साखळीच तुटते. शिवाय पेक्टिन ऋणभारित, कायटोसान धनभारित, एकत्र ओतताच गाठी होतात. आणि सालीवरची कीटकनाशकं, जंतूंचं एंडोटॉक्सिन हे सगळं जखमेवर न्यायचं नाही. तो स्वतंत्र प्रोजेक्ट आहे, याच वर्षात कोंबू नका. कॅल्शियम आणलंत तर आणखी एक अडचण, सिप्रो कॅल्शियमला पकडून ठेवतं आणि रिलीजचा अर्थच बदलतो.

अल्कोहोल नको. अल्कोहोलमध्ये ३० टक्के पाणी आहे, औषध आणि ग्लिसरॉल दोन्ही त्यात जातील. ऑटोक्लेव्हमध्ये फिल्म पिवळी, ठिसूळ होते. गॅमाचा नेहमीचा डोस २५ किलोग्रे, त्यात कायटोसानच्या साखळ्या तुटतात, म्हणून रिलीज आणि ताणाची चाचणी गॅमानंतरच्या फिल्मवर पुन्हा करावी लागते. इथिलीन ऑक्साइड चालतं, पण वायू पूर्ण निघायला दिवस लागतात आणि उरलेला वायू पेशी मारतो. विद्यार्थी-प्रकल्पाला सोपा मार्ग: द्रावणं ०.२२ मायक्रॉनमधून गाळणं, कायटोसानची पावडर वेगळी निर्जंतुक करणं (२ टक्के द्रावण त्या फिल्टरमधून जाणार नाही), आणि कास्टिंगपासून पुढे सगळं लॅमिनर फ्लोमध्ये.

पेशींच्या चाचणीत आयएसओ १०९९३-१२ प्रमाणे ०.५ मिमीपेक्षा पातळ वस्तूला १ मिली माध्यमामागे ६ चौ. सेंमी घ्यायचे, ३७ अंशांना २४ तास. तुमची फिल्म माध्यम पिऊन फुगेल. किती पिते ते आधी मोजा आणि तेवढं माध्यम जास्तीचं घाला, नाहीतर अर्क दाट होतो आणि फिल्म विनाकारण विषारी ठरते. पेशींची जीवितता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर आधी अर्काचा पीएच बघा. उदासीनीकरण अपुरं असेल तर माध्यम पिवळं पडलेलं दिसेल.

जैवविघटन लायसोझाइमने दाखवा, पण ८५ टक्के डीअ‍ॅसिटायलेशनला ते सावकाश होतं. एन्झाइम कायटोसानमधल्या अ‍ॅसिटिल गटांपाशीच कापतं. लवकर झिजणारी हवी असेल तर ७०–७५ टक्क्यांचं कायटोसान घ्या.

सूक्ष्मगोल

पावडर निर्जंतुक करायला कोरडी उष्णता देऊ नका, कायटोसान तपकिरी पडतं आणि मग १ टक्का आम्लात नीट विरघळत नाही. त्यापेक्षा पावडर पाण्यात भिजवून निलंबन ऑटोक्लेव्ह करा, १२१ अंश, १५ मिनिटं, आणि थंड झाल्यावर गाळलेलं निर्जंतुक अ‍ॅसिटिक आम्ल घाला. आम्लात विरघळलेल्या अवस्थेत ऑटोक्लेव्ह केलं तर साखळ्या जास्त तुटतात. आधी आणि नंतर व्हिस्कोमीटरवर एकदा बघून घ्या.